पिंजरा आधी, प्राणी नंतर

प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा बैलगाडीवरील ओझे आणि टांग्याचा घोडा यांच्या संदर्भात बहुतेकांच्या कानांवरून गेलेला असतो. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेल्या आग्रहातून हा कायदा जन्मास आला, ही गोष्ट त्यामानाने कमी लोकांना ठाऊक आहे. आणि त्याच्या अकराव्या कलमात पिंजऱ्याविषयी एक पोटकलम आहे, हे तर क्वचितच कोणाच्या लक्षात असते. ज्या पिंजऱ्याची लांबी, रुंदी आणि उंची प्राण्याला वाजवी हालचाल करू देण्याइतकी नाही, अशा पिंजऱ्यात त्याला कोंडून ठेवणे हा गुन्हा होय, असे ते पोटकलम सांगते. पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला गेला तो दहा ते पन्नास रुपयांचा. १९६० साली पन्नास रुपये ही कारकुनाच्या महिन्याच्या हिशेबात जाणवणारी रक्कम होती. आज तेवढ्यात पिंजऱ्याचे बरेसे कुलूपही येत नाही.

तथापि दंडाची रक्कम हा येथे मुख्य मुद्दा नव्हे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पोपट असावा, माकड असावे, फार तर सर्कशीतला वाघ असावा. अशा प्राण्यांच्या पिंजऱ्याचे माप फूटपट्टीने घेता येते. सरपटणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत फूटपट्टी अपुरी पडते. घोरपड, सरडा, कासव, साप यांना शरीराची ऊब शरीरात निर्माण करता येत नाही. ती त्यांना उन्हातून, तापलेल्या दगडातून, मातीतून मिळवावी लागते आणि नको झाली की सावलीत किंवा बिळात जाऊन टाकून द्यावी लागते. लोक त्यांना ‘थंड रक्ताचे’ म्हणतात. दुपारी खडकावर बसलेल्या सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतकेच, कधी त्याहून अधिक, गरम असते. त्याच्या पिंजऱ्याला लांबी, रुंदी, उंची यांच्या जोडीला तापमानाचे चौथे माप लागते, आणि ते माप एकच एक असून चालत नाही. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला गारवा, अशी उतरंड त्या बंदिस्त जागेत असली पाहिजे. ती नसेल तर दहा फूट लांबीची पेटीही त्या जिवाला अपुरीच.

हा विषय बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरसारख्या गावाशी कोठे येऊन भिडतो, असे कोणी विचारील. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, लोणार तालुक्यातले हे गाव. येथल्या माणसाला साप पाळायला सवड कोठून? पण काळ बदलला आहे. इग्वाना, बॉल पायथन ही नावे एके काळी मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांबाहेर कोणी ऐकलेली नव्हती. आज हातातल्या फोनवर त्यांची चित्रे खेड्यातला विद्यार्थीही पाहतो, आणि हौस ही गोष्ट तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही. चिंतेची गोष्ट हौस ही नव्हे. हौसेचा क्रम उलटा लागतो, ही आहे. आधी प्राणी घरात येतो; मग त्याला ठेवायचे कशात, याचा शोध सुरू होतो; आणि तो शोध बहुधा माशांच्या रिकाम्या काचपेटीपाशी किंवा प्लास्टिकच्या डब्यापाशी संपतो.

काय पाळता येते आणि काय नाही, हे आधी स्पष्ट झालेले बरे. आपल्याकडचे साप, घोरपड, मांडूळ, चांदणी कासव, यांपैकी काहीही घरात ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. मांडुळाच्या अंगी गुप्तधन दाखविण्याची शक्ती असल्याच्या भाकडकथेपायी त्या गरीब जिवाची किती फरपट झाली, हे वृत्तपत्रांच्या वाचकांस सांगावयास नको. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेल्या कासवाचेही तेच. घरात भरभराट होते म्हणून ते आणले जाते आणि कासव म्हणजे पाण्यातले, या समजुतीने बादलीत सोडले जाते. वस्तुतः ते कोरड्या माळरानावरचे कासव. त्याला पोहता येत नाही, आणि खोल पाण्यात ते बुडून मरते. देवळात देवापुढे दगडाचे कासव कोरड्या फरशीवर बसविणाऱ्या आपल्या पूर्वजांना कदाचित एवढे भान अधिक असावे. २०१९ साली या कासवाला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या यादीत स्थान मिळाले.

परदेशी जातींची गोष्ट निराळी. १९७२ च्या कायद्याची पकड मूळ स्वरूपात त्यांच्यावर नव्हती, आणि त्या फटीतून एक मोठा बाजार उभा राहिला. २०२० साली केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याचे आवाहन केले. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आंतरराष्ट्रीय करारातील यादीवरच्या प्राण्यांसाठी कायद्यात स्वतंत्र अनुसूची आली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्यांना मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. इग्वाना आणि बॉल पायथन हे दोन्ही त्या यादीत आहेत. हे सारे आवश्यकच होते. पण या व्यवस्थेचा भर प्राणी कोणाचा, कोठून आला, कोणाला दिला यांवर आहे. प्राण्याच्या पायाखालची जमीन दुपारी तीन वाजता किती तापते, हे कोणत्याही कागदावरून कळत नाही.

ते कळून घ्यावयाचे तर सुलतानपूरकरांना फार दूर जावे लागत नाही. लोणारचे विवर बारा-पंधरा किलोमीटरवर आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेला तो सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खळगा २००० साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याच्या उतारावर घोरपडी आहेत. सकाळी पूर्वेच्या उन्हाकडे तोंड केलेला उतार आधी तापतो, समोरचा अजून गार असतो. कड्यावर उघडा खडक, त्याखाली कपारी, पुढे झाडी, तळाशी ओलसर माती. एखादी घोरपड दोनशे पावलांत चार ऋतू गाठू शकते. सरपटणाऱ्या प्राण्याचे घर बांधणे म्हणजे त्या उताराची लहान आवृत्ती तयार करणे होय. ते काम अवघड आहे, आणि त्यातच या सगळ्या विषयाचे मर्म आहे.

पाळणारा जी पुस्तके वाचतो, जी चित्रफीत पाहतो, ती बहुधा इंग्लंड-अमेरिकेतली असते. तिकडचा प्रश्न थंडीचा. म्हणून तेथील सारा उपदेश दिव्यांचा, तापणाऱ्या चटयांचा, ऊब टिकवणाऱ्या बंद काचपेट्यांचा असतो. बुलढाणा जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर प्रश्न नेमका उलट आहे. एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा चाळीस अंशांच्या वर जातो. चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान बहुतेक सरपटणाऱ्या जातींची सहनशक्ती संपते, आणि ही मर्यादा वाळवंटातल्या प्राण्यांनाही चुकलेली नाही. ते जगतात ते दुपारभर जमिनीखाली राहून. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छपराखालच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवलेली काचेची पेटी म्हणजे अशा वेळी भट्टी होते. वरचा पंखा तिला उपयोगाचा नाही, कारण या प्राण्यांना घाम येत नाही. वीज गेली, डी.पी. जळाला आणि दुरुस्तीला दोन दिवस लागले, तर कुलरही बंद. तिकडच्या पुस्तकात या दोन दिवसांविषयी एक ओळही नसते.

काचेविषयी आणखी एक गैरसमज दूर झाला पाहिजे. इग्वाना आणि कासव यांना सूर्यप्रकाशातील विशिष्ट अतिनील किरण लागतात; त्यांवाचून त्यांच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेला चुना हाडांत मुरत नाही, हाडे मऊ पडतात, जबडा सुजतो, कवच वाकडे होते. खिडकीतून येणारे ऊन पेटीवर पडते आहे, असे पाहून घरचे लोक निश्चिंत असतात. पण साधी काच नेमके तेच किरण अडवते आणि उष्णता मात्र आत येऊ देते. म्हणजे उन्हातले हवे ते बाहेर राहिले आणि नको ते आत आले. प्राणी वर्ष-दीड वर्ष खंगत राहतो. तो ओरडत नाही, कण्हत नाही, त्यामुळे घरात कोणाला काही कळत नाही. आणि कळले तरी तालुक्याच्या गावी गाई-म्हशी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे या जातीचा अनुभव क्वचितच असतो.

मग घर बांधावे कसे? येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर राहणारे सुलकाटा नावाचे मोठे कासव आपल्याकडच्या बाजारात पिल्लू म्हणून विकले जाते. हाताच्या पंजात मावणारे ते पिल्लू वाढत जाऊन चाळीस किलोंच्याही पुढे जाते आणि पाळणाऱ्याच्या नातवंडांपर्यंत जगू शकते. त्याच्या मूळ भूमीत ते उन्हापासून वाचते खोल बीळ खणून. हेच तत्त्व या भागातल्या जुन्या धाब्याच्या घरांत होते. जाड मातीच्या भिंती, वर मातीचाच थर, लहान झरोके. बाहेर वणवा पेटला असताना आत बसवत असे. वर्षभर तेच तत्त्व पाळणारी जमीन तर पायाखालीच आहे. दोन हात खोल मातीत दुपारचा ताप पोचत नाही. तेव्हा अशा कासवाला काचपेटी नकोच. त्याला अंगण हवे. विटांची भिंत, तिचा पाया हातभर जमिनीत उतरवलेला, नाहीतर ते खालून उकरून जाते. आत निंबाची किंवा अन्य झाडाची सावली, उतरते बीळ व त्यावर मातीचा जाड थर, एका कोपऱ्यात उथळ पाणी, कावळ्या-कुत्र्यांपासून पिल्लाला जपणारी जाळी. भिंत पारदर्शक नसावी, कारण पलीकडचे दिसत असेल तर कासव दिवसभर त्या भिंतीशी झुंजत राहते. हे काम सुलतानपूरचा कोणताही गवंडी करू शकेल. मात्र त्यासाठी मोकळी जागा आणि पुढच्या पिढीपर्यंतची जबाबदारी लागते, आणि येथेच निम्मे उमेदवार गळतील. गळावेत.

सापाच्या घरात सुताराचे काम असते. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला, घाबरला की चेंडूसारखे वेटोळे करणारा, लाजाळू साप. त्याची पेटी निदान त्याला पूर्ण लांब होता येईल एवढी, म्हणजे चारेक फूट लांब असावी. तिन्ही बाजूंना पाण्याने न फुगणारे प्लाय आणि पुढे सरकती काच, ही रचना चारी बाजूंच्या काचेपेक्षा बरी, कारण लाकूड उष्णता सावकाश घेते आणि सापाला तीन बाजूंनी आडोसा मिळतो. दोन्ही टोकांना लपण्याची एकेक जागा लागते. एकच ठेवली तर प्राण्याला सुरक्षितता आणि सोयीचे तापमान यांतून एक निवडावे लागते, आणि भित्रा प्राणी सुरक्षितता निवडून उकाड्यात पडून राहतो. उबेचे साधन असेल तर त्याला आपोआप बंद होणारे नियंत्रण आणि भोवती जाळी पाहिजे. साप तापलेल्या दिव्याला विळखा घालून भाजून घेतात. हवेसाठीची छिद्रे सापाच्या डोक्याहून लहान असावीत, कारण जेथून डोके जाते तेथून उरलेला सापही जातो. काचेला कुलूप हवे. रंग-रोगणाचा वास पुरता जाईपर्यंत पेटी रिकामी ठेवावी. बाजारात तयार पेट्या मिळतात, त्यांत काही चांगल्याही असतात. पण त्या दुकानाच्या सोयीच्या मापाने केलेल्या असतात, आणि येथल्या मे महिन्याशी त्यांची ओळख नसते. सुताराकडून करून घेतलेली पेटी कित्येकदा स्वस्त पडते आणि मुख्य म्हणजे ती करून घेताना प्रत्येक भोकाचा, प्रत्येक फळीचा विचार करावा लागतो.

सापाला ठेवण्याची भांडी आपल्या देशाला नवीन नाहीत. गारुड्याची वेताची टोपली पिढ्यान्‌पिढ्या दारात आली. त्या टोपलीत दात काढलेला, कधी तोंड शिवलेला नाग असे आणि तो फार दिवस जगत नसे. त्याच्याशेजारी तामिळनाडूतील इरुळांची मडकी ठेवून पाहावीत. १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळ सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेत विषारी साप मातीच्या मडक्यात, तोंडावर कापड बांधून ठेवतात. काही आठवडे विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. मडके अंधारे, गार, सच्छिद्र असते आणि मुक्काम मोजक्या दिवसांचा असतो. ते घर नाही, आणि घर असल्याचा दावाही कोणी करीत नाही. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी बहात्तर विषारी सापांसह बहात्तर तास एका काचेच्या खोलीत काढले. छेडल्यावाचून साप चावत नाही, हे त्यांना लोकांच्या मनावर ठसवावयाचे होते. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले, आणि ज्याला साप जवळून पाहावयाचे आहेत त्याला घरी आणण्याची गरज उरली नाही.

सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत दुर्दैवी प्राणी म्हणजे कानामागे तांबडा पट्टा असलेले पाणकासव. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले हे कासव नाण्याएवढे असताना विकले जाते. ते फूटभर वाढते आणि तीस वर्षांहून अधिक जगू शकते, ही गोष्ट विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. लहान मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होतो म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री थांबवली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये आयात बंद केली. आपल्याकडे डबा लहान पडू लागला, पाण्याला वास येऊ लागला की ते तळ्यात किंवा नदीत सोडण्यात येते आणि सोडणाऱ्याला आपण पुण्य केले असे वाटते. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींत त्याची गणना झाली आहे. स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याचे खडक ते बळकावते. म्हणजे एका अपुऱ्या पेटीचे परिणाम अखेर नदीला भोगावे लागतात.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. जिज्ञासेला असे अडथळे घातले तर मुलांना प्राणी कळणार कसे? भिंतीवरची पाल मारण्यात आणि दिसेल तो साप ठेचण्यात वाढलेल्या समाजात कोणी साप प्रेमाने हाताळतो, तर त्याला मापे आणि अंश सांगून नाउमेद का करावे? खरे आहे, जवळून पाहिल्यावाचून भीती जात नाही. परंतु काचपेटीतला खंगलेला इग्वाना पाहून मुलगा काय शिकतो? प्राणी हलत नाही, खात नाही, एके दिवशी मरतो, एवढेच. ट्यूबलाइटजवळ टपून बसलेली पाल, कुंपणावर मान हलवणारा सरडा, लोणारच्या कड्यावरची घोरपड यांच्याकडून त्याला त्याहून पुष्कळ अधिक मिळेल, आणि त्यासाठी वही-पेन्सिलीहून अधिक खर्च नाही. दुसरे असे की, खऱ्या जिज्ञासूला मापांचा जाच वाटत नाही. पेटी बांधण्यात त्याला प्राणी पाळण्याइतकाच रस वाटतो. ज्याला वाटत नाही, त्याची जिज्ञासा दुकानाच्या दारापर्यंतचीच असते.

२०१८ च्या नियमांनी पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांना नोंदणी सक्तीची केली आणि प्राणी कसे ठेवावेत याविषयी काही बंधने घातली. पाऊल तेथेच थांबू नये. नोंदणी मागणाऱ्याकडून आधी पिंजऱ्याची नोंद मागितली जावी: पिंजरा बांधून झाल्यावर तो एक वर्ष रिकामा ठेवावा, त्यात दोन्ही टोकांना कमाल-किमान तापमान दाखविणारे उपकरण लावावे आणि रोजची नोंद वहीत करावी. वर्षात मे येतो, जानेवारी येतो, वीज जाण्याचे दिवस येतात, आणि घरातल्या माणसांचा उत्साह किती महिने टिकतो हेही त्या वहीत आपोआप उतरते. ती वही पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखविल्यावर मगच प्राणी घेण्याची मुभा असावी. हे जाचक आहे असे कोणी म्हणेल. पण तीस वर्षे जगणाऱ्या जिवासाठी एका वर्षाची वाट पाहणे फार नव्हे. गावातल्या माध्यमिक शाळांना तर परवान्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. आठवी-नववीच्या मुलांनी अशी एक रिकामी पेटी काचेची आणि एक मातीची बांधून शाळेच्या व्हरांड्यात ठेवली आणि दोन्हींतले आकडे वर्षभर फळ्यावर लिहिले, तर उष्णतेच्या वहनाचा धडा पुस्तकाबाहेर येईल.

ज्यांच्या घरी असे प्राणी आधीच आहेत, त्यांनी पेटी खिडकीपासून हलवून घरातल्या सर्वांत गार भिंतीशी आणावी, तिच्याशेजारी ओले पोते आणि पाण्याने भरलेला माठ ठेवावा, दुपारी वीज गेली तर काय करावयाचे ते घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. ज्यांना पुढे सांभाळणे शक्य नाही त्यांनी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन तसे लेखी कळवावे. पैनगंगा मेहकरवरून वाहते आणि ती जवळ आहे, म्हणून रात्री पिशवी घेऊन तिच्या काठी कोणी जाऊ नये.